नौरंगवाले बाळारामदादा

बाळारामदादा माणसाला नावाने हाक मारत नसत. मशीनच्या नंबराने मारत. मी चारशे बारा. वाशीचे दातांचे डॉक्टर सबनीस दोनशे नऊ. मार्केटातले कांदेबटाट्याचे व्यापारी पवारशेठ तीनशे सत्तर. बेलापूरजवळच्या दिवाळे गावात, जेट्टीकडे जाणाऱ्या गल्लीत मी वळलो की ओट्यावरून आरोळी येई, "चारशे बारा आला गो! चाय टाक!" आणि आतून हिरावहिनी विचारत, "साखर कमीवाला ना?" माझं खरं नाव त्या घरात कुणाला ठाऊक होतं की नाही, याची मला आजही खात्री नाही.

हे नंबर नौरंगचे. नौरंग ही फायबरच्या लहान बोटी करणारी कंपनी. बारा फूट लांब पिवळी बोट, अंगावर लाल पट्टा, मागे टांगलेलं आठ हॉर्सपॉवरचं मशीन आणि मशीनच्या टोपणावर मोराचं चित्र. मी सांगतोय तो काळ नव्वदच्या दशकाच्या मधला. तोवर कंपनी बंद पडून बरीच वर्षं झाली होती. जग नौरंगला विसरलं होतं, बाळारामदादा विसरले नव्हते.

मी मूळचा साताऱ्याकडचा. आमच्या गावात ओढ्याला पाणी आलं तर लोक बघायला जातात. अशा माणसाकडे मोटारबोट कशी, हा प्रश्न रास्त आहे. रबाळ्याच्या एका कारखान्यात मी स्टोअरकीपर होतो. खाडीच्या पाण्याचे नमुने घ्यायला म्हणून कारखान्याने एक नौरंग आणली. नमुने कुणी घेतले नाहीत. बोट माझ्या स्टोअरमागे रिकाम्या ड्रमांशेजारी सहा वर्षं पडून राहिली आणि भंगारात निघाली तेव्हा मी ती घेतली. का घेतली, ते मला बायकोला अजून नीट सांगता आलेलं नाही. "कोपरखैरण्याच्या या दोन खोल्यांत ती ठेवणार कुठे?" असं तिने विचारलं, तेव्हा तो प्रश्न मला पहिल्यांदा सुचला.

कुणीतरी सांगितलं, दिवाळ्याला जा. टेम्पोत बोट घालून गेलो. बाळारामदादांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बोटीला एक फेरी मारली, लाल पट्ट्यावरून अंगठा फिरवला, वाकून मशीनवरचा नंबर वाचला आणि तिलाच विचारलं, "कुटं व्हतीस गो इतकी वर्सं?"

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू कोन?"

दादांची भातशेती नवी मुंबईत गेली आणि मोबदला आला, तेव्हा भाऊबंदांनी चाळी बांधल्या, जीपा घेतल्या. दादांनी नौरंग घेतली. नंबर एकशे एक. दोन मुलं होती, एक नेरूळला, एक सीवूडला. दोघेही बिल्डरांच्या धंद्यात गुंतलेले. गणपतीला येत, आरती होईपर्यंत थांबत. दादा त्याबद्दल काही बोलत नसत. ते फक्त मशीनबद्दल बोलत.

"बाकीची मशीना वरडतान," ते म्हणत, "नौरंग बोलते."

खाडीतून दुसऱ्या कंपनीचं मशीन लावलेली बोट गेली की ते तोंड फिरवत. "गेला डबा." माणसांच्या दुखण्यांवरही त्यांचे उपाय याच शास्त्रातले. मला सर्दी झाली तर, "कार्बोरेटर साफ कर." शेजारच्या नवराबायकोची भांडणं ऐकू आली तर, "ऑइल कमी झालाय." डॉक्टर सबनिसांना ते एकदा शांतपणे म्हणाले, "डागदर, तुमचा पोट फुडं आलाय. बोटीचा तोल जातो. बोटीसाठी तरी कमी करा."

दर वर्षी थंडीत एका रविवारी दादा नौरंगवाल्यांचा मेळावा भरवत. आम्ही सगळे मिळून सात. निमंत्रण पोस्टकार्डावर आणि त्यात वेळेपुढे एकच शब्द: भरतीला. पहिल्या वर्षी डॉक्टर सबनीस सहकुटुंब सकाळी नऊला हजर झाले आणि साडेबारापर्यंत चिखलाकडे बघत बसले.

"दादा, कार्डावर वेळ घालत जा हो."

"घातलाय ना, डागदर. तुमचा घड्याल बंद पडल. भरती नाय पडत."

मेळाव्याचे नियम कडक होते. पाणी काठाला लागलं की सात बोटी ओळीने उभ्या करायच्या. हिरावहिनी प्रत्येक मशीनच्या मोराला हळदकुंकू लावत. मग नंबर पुकारला की मालकाने सुरू करायची दोरी ओढायची. तीन ओढींत मशीन सुरू झालं तर मिरवणुकीत जागा. नाही झालं तर मालकाने काठावर उभं राहून बाकीच्यांना हात हलवायचा. एका वर्षी नवे पांढरे बूट घातलेले डॉक्टर असे उभे राहिले आणि त्यांच्या बायकोने आनंदाने फोटो काढला. पुढच्या वर्षी पवारशेठची पाळी.

"अवो दादा, चौथ्याला झालं की चालू!"

"झाला ना? मग आता बंद करा नि काठावर जा."

"माझ्या गाळ्यावर चाळीस हमाल माझं ऐकत्यात!"

"त्यांना आना नि त्यांच्यासंगती उभे ऱ्हावा."

एकशे एक मात्र नेहमी पहिल्याच ओढीला सुरू होई. दादा पुढे, आम्ही मागे, खाडीच्या पुलापर्यंत जायचं आणि वळून यायचं. मग तांदळाच्या भाकऱ्या, कोलंबीचं कालवण, आणि जेवताना दादांचं भाषण, जे दर वर्षी तेच असे आणि ज्याच्या शेवटी दर वर्षी ते टोपीने डोळे पुसत. आम्हाला वाटे, नौरंगच्या आठवणीने.

आता माझं सांगतो.

एका वर्षी मेळाव्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, साताऱ्याहून मेहुणा आला. "दाजी, तुमची ती बोट दाखवा की." त्याला घेऊन दिवाळ्याला गेलो; माझी बोट दादांकडेच असे. तिला मेळाव्यासाठी नवा रंग दिला होता, तो ओला. मी तसं म्हणेपर्यंत दादा म्हणाले, "एकशे एक ने."

मला ऐकू आलं त्यावर विश्वास बसेना. त्यांनी ती मुलांनाही कधी दिली नव्हती.

"ने. पाव्हना आलाय तुजा. पन पानी उतरायच्या आत परत ये. मशीन थंड व्हायला साफ पानी पितो. चिखल प्याला की मेला. समाजला?"

"समजलं, दादा."

ते बेलापुरात कुणाच्या तरी हळदीला निघून गेले आणि आम्ही खाडीत. मेहुण्याला बगळ्यांचे फोटो काढायचे होते. त्याने अख्खा रोल संपवला. मी मशीन बंद करून, जन्मभर दर्यावर काढल्यासारखा, भरतीओहोटीवर व्याख्यान देत होतो. व्याख्यान चालू असतानाच ओहोटी लागली. बोट टेकली. चहूकडे गुडघाभर पाणी आणि खाली काळा चिखल. खाली उतरून ढकलली असती तर दहा मिनिटांत खोल पाण्यात गेली असती. पण मी नवी पँट घातली होती. ती वर करून मेहुण्यासमोर चिखलात उतरायची मला लाज वाटली. दुसरं काही कारण नाही. मी दोरी ओढली.

मशीन सुरू झालं. मागे काळं पाणी उसळलं. मग आवाज चढत गेला, रबर जळल्याचा वास आला आणि एक कचका बसून सगळं थांबलं. शेवटी कमरेएवढ्या चिखलात उतरून बोट मलाच ढकलावी लागली, नव्या पँटसकट.

दादा परतले नव्हते. बोट बांधली. खिशातल्या रुमालाने मी मशीनवरचा चिखल पुसला, मोराच्या चोचीपर्यंत.

"दाजी, सांगायला पायजे त्यास्नी," मेहुणा म्हणाला.

"सकाळी सांगतो."

सकाळी जेट्टीवर माणसं जमलेली. दादा पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, डोक्याला टोपी. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "पाव्हना खूश?" मी मान हलवली. तेव्हा सांगता आलं असतं. पाणी काठाला लागलं. हळदकुंकू झालं. त्यांनी स्वतःच पुकारलं, "एकशे एक!" आणि दोरी ओढली.

दोरी जेमतेम हातभर आली आणि अडली. आत काहीतरी घासलं. त्यांनी मशीनकडे असं पाहिलं, जसं झोपेत बोलणाऱ्या माणसाकडे पाहावं. दुसऱ्यांदा ओढली. तिसऱ्यांदा, पाय बोटीच्या कडेला टेकवून.

"थंडीमुळे असेल हो," डॉक्टर म्हणाले. "अजून एकदा."

"तुमाला कसला नियम, दादा?" पवारशेठ म्हणाले. "ओढा की!"

दादांनी दोरी हाताला गुंडाळून नीट जागेवर ठेवली. "तीन झाले," ते म्हणाले आणि उतरून काठावर जाऊन उभे राहिले. मी तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांनी मलाच सांगितलं, "चारशे बारा, तू फुडं हो."

माझं मशीन पहिल्याच ओढीला सुरू झालं. मिरवणुकीच्या पुढे मी होतो. मागे वळून पाहिलं तेव्हा ते नियमाप्रमाणे हात हलवत होते.

त्यानंतर चार रविवार मी दिवाळ्याला गेलो नाही. बायकोला सांगितलं, कारखान्यात मालाची मोजणी चालू आहे. ती म्हणाली, "चार रविवार मोजताय, म्हणजे माल बराच दिसतोय." पाचव्या रविवारी मी गेलो.

गल्लीत आरोळी आली नाही. दादा आत खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. कोपऱ्यात गोणपाटाखाली एकशे एकचं मशीन. ज्या माणसाला स्क्रू ढिला झालेला सहन होत नसे, त्याने महिनाभर त्या मशीनला हात लावला नव्हता.

"बस," ते न वळताच म्हणाले. "तुज्या बोटीला काय झालाय?"

"काही नाही."

"मग कसा आलास?"

मी खाटेशेजारी जमिनीवर बसलो. ते भिंतीकडे बघतच बोलत राहिले. "त्या डागदरला नि पवारशेठला सांग, मेलावा आता बंद. मशीन म्हातारा झाला, मेला. तू येनं सोडलास, तवाच मी समाजलो. तुजा काय चुकला? मीच शिकवला तुमाला, मशीन नाय तर मानूस काठावर. आता एकशे एक नाय, तर दिवाल्याला यायचा कोनासाठी?"

मी चार आठवडे मशीन मारल्याचं ओझं घेऊन फिरत होतो. न येऊन मी काय केलं होतं, ते मला त्या क्षणी कळलं.

"दादा, मशीन म्हातारं झालं नव्हतं. मी मारलं." मग मी सगळं सांगितलं. ओहोटी, व्याख्यान, चिखल, रुमाल. पँटसुद्धा.

ते हळूहळू उठून बसले. मला वाटलं, आता हाकलणार. त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड केलं आणि ओरडले, "हिरा! ए हिरा! आइकलास काय? हा लाजून येत नव्हता! मशीन मेला म्हनून नाय गो! लाजून!"

"आइकला," वहिनी दारात येऊन म्हणाल्या. "मी बोलतच व्हते, काय तरी झाला असल. भाऊ, चार रविवार हे भरती बघून ओट्यावर बसत व्हते. पानी उतरला की आत येऊन झोपायचे."

"तू चाय टाक," दादा म्हणाले.

पुढची पंधरा मिनिटं ते इतके खुशीत होते की मला अवघडल्यासारखं झालं. माझ्या मुलांचं विचारलं, मेहुण्याचं विचारलं, बगळ्यांचे फोटो कसे आले विचारलं. चहा अर्धा पिऊन झाल्यावर मात्र बशी तोंडाजवळच थांबली.

"आनि मेल्या, चिखलात मशीन चालू केलास? पँटसाठी?"

मग मी जे ऐकलं ते सगळं इथे लिहिता येणार नाही. त्यात सातारा जिल्ह्याचा कोरडेपणा आला, माझे वाडवडील आले, पँट शिवणारा शिंपीही सुटला नाही. शेजारची माणसं ओट्यावर आली. वहिनी तांदूळ निवडत शांतपणे ऐकत होत्या. दम लागला तेव्हा दादा उठले, गोणपाट काढलं, मशीन ओढून मधोमध आणलं आणि एक पाना माझ्या हातात दिला.

मी जन्मभर पाने मोजले, रजिस्टरात लिहिले, लोकांना दिले. वापरला कधीच नव्हता. त्यांना ते माहीत होतं. वरच्या टोपणाचा एक बोल्ट काढायला मला अर्धा तास लागला. दादा शेजारी उकिडवे बसून "उलटा फिरव, उलटा" म्हणत राहिले, पण पाना त्यांनी हातात घेतला नाही. बोल्ट निघाला तेव्हा त्यांनी तो आपल्या धोतराला पुसला आणि वहिनींनी आणून दिलेल्या थाळीत ठेवला.

मी दुसऱ्याला हात घातला, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"आज इतकाच," ते म्हणाले. "ऱ्हायलेले फुडच्या रविवारपासून. एका रविवारी एक."

स्टोअरकीपरच्या सवयीने निघण्यापूर्वी मी मशीनचे उरलेले बोल्ट मोजून घेतले. सव्वीस होते.