आदर्श पालकाची लापशी

अंगणवाडीतल्या मातांच्या बैठकीला खुशाल गेला, कारण माता त्या वेळी आदिलाबादच्या गाडीत तिकिटं देत होती.

खुशालची बायको मंजुषा हिला लग्न होऊन सात वर्षं झाली होती आणि बेला–आदिलाबाद गाडीवर कंडक्टर होऊन दोन. गाडी बेल्याला मुक्कामी असायची आणि सकाळी सहाला सुटायची. खुशालचं गाव त्याच रस्त्यावर, बेल्याच्या चार किलोमीटर अलीकडे. मंजुषा चारला उठायची, स्वयंपाक उरकायची, तीन वर्षांच्या तेजस्विनीची लापशी डब्यात भरायची आणि सव्वापाचला स्कूटी काढायची. खुशाल साडेसहाला उठायचा. त्याची पाच एकर कपाशी होती आणि कपाशीला त्याच्या आत उठायची काही गरज नसते, असं त्याचं मत होतं.

आजवर बैठकीला त्याची आई बयनाबाई जायची. पण या वेळी आदिलाबादहून सुपरवायझर मॅडम येणार होत्या आणि आजी चालणार नाही, आई नाहीतर बाप पाहिजे, असा निरोप आला. मंजुषाला सुट्टी मिळाली नाही. आदल्या संध्याकाळी तिनं एका कागदावर सगळं लिहून दिलं. वजन किती, जंताची गोळी कधी दिली, डोस कोणता राहिला, पोरगी काय खाते, काय थुंकते.

"इचारलं त पाहून सांगजा," ती म्हणाली. "आपल्या मनचं काई सांगू नका."

बैठकीला बावीस बाया होत्या आणि एकटा खुशाल. बाया सतरंजीवर बसल्या. अंगणवाडीच्या टीचर मथुराबाईंनी माणूस आला म्हणून खुशालला खुर्ची दिली. मॅडम यायला तासभर उशीर झाला. तेवढ्या वेळात करण्यासारखं दुसरं काही नसल्यानं खुशालनं तो कागद पाच वेळा वाचला आणि तो त्याला पाठ झाला.

मॅडमची भाषा तेलुगू, पण सगळ्यांना कळावं म्हणून त्या हिंदीत बोलत. त्यांनी एकेका बाईला लेकराचं वजन विचारलं. कोणी मथुराबाईंच्या रजिस्टरकडे पाहिलं, कोणी अंदाजानं सांगितलं. खुशालची पाळी आली तेव्हा तो खुर्चीतून उठला आणि कागद न काढता म्हणाला, बारा किलो चारशे, मागच्या महिन्यात बारा शंभर होतं. जंताची गोळी दिली, व्हिटॅमिनचा डोस पुढच्या महिन्यात.

मॅडमचा पेन थांबला. एवढ्या वर्षांत वजन सांगणारा बाप त्यांनी पाहिला नव्हता. "चाला बागुंदी," फार छान, असं तेलुगूत दोनदा म्हणून त्यांनी विचारलं, पोरगी सकाळी काय खाते? खुशालनं सांगितलं, ज्वारीची लापशी. मॅडमनी विचारलं, कोण करतं?

याचं उत्तर कागदावर नव्हतं. बावीस बाया त्याच्याकडे पाहत होत्या.

"मीच करतो," खुशाल म्हणाला. "रोज."

मथुराबाईंना खोकला आला. पण आपल्या अंगणवाडीचं नाव होतंय म्हटल्यावर तो त्यांनी आवरला. मॅडमनी खुशालचा फोटो काढला आणि तिथल्या तिथे जाहीर केलं की येत्या बुधवारी बेल्याला मंडळाचा, म्हणजे तालुक्याचा, कार्यक्रम आहे, तिथे खुशालचा आदर्श पालक म्हणून सत्कार होईल आणि लापशी कशी करतात ते तो सगळ्यांसमोर करून दाखवेल. म्हणजे बाकीच्या बापांना उत्साह येईल.

खुशाल घरी पोचायच्या आत फोटो गावभर पोचला. संध्याकाळच्या गाडीत बायांनी तो मंजुषाला दाखवला. नवरा असावा तर असा, असं तिला आदिलाबाद ते बेला या रस्त्यात सात जणींनी सांगितलं. घरी येऊन तिनं हातपाय धुतले, पोरीला मांडीवर घेतलं आणि शांतपणे विचारलं, "रोज लापशी करता म्हने तुमी."

मॅडमच्या हिंदीत आणि माझ्या हिंदीत घोळ झाला, असं खुशालनं सांगितलं. मंजुषानं ते मान हलवून ऐकून घेतलं. मग म्हणाली, बुधवारपर्यंत शिकून घ्या, मी दाखवीन.

"पीठ, पानी अन गूळ," खुशाल म्हणाला. "त्यात शिकाचं काय हाय?"

मंजुषा पोरीला घेऊन झोपायला गेली. तिला चारला उठायचं होतं.

बुधवारी खुशालनं इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला आणि आई आणि पोरगी घेऊन तो रस्त्यावर उभा राहिला. आली ती मंजुषाचीच गाडी. गावातल्या पंधरा बायाही कार्यक्रमाला निघाल्या होत्या. तेलंगणात बायांना गाडी फुकट, म्हणून मंजुषानं त्या सगळ्यांना फुकट तिकीट दिलं, बयनाबाईलाही दिलं, आणि खुशालपाशी येऊन म्हणाली, "सुट्टे काढा." सगळ्या गाडीत पैसे देऊन बसलेला तो जवळपास एकटाच होता. मागच्या सीटवरची एक म्हातारी मंजुषाचा हात धरून म्हणाली, नशीब काढलं बाई तू. मंजुषानं हो म्हटलं आणि दोरी ओढून घंटी दिली.

बेल्याला मंडप भरला होता. दोन-अडीचशे बाया, पहिल्या रांगेत काही जबरदस्तीनं आणलेले नवरे. स्टेजवर टेबल, टेबलावर शेगडी, पातेल्यासारखा गंज, पीठ, गूळ, शेंगदाण्याचा कूट. बाजूला शाल, स्टीलच्या डब्यांचा संच आणि प्रशस्तिपत्र. खुशालच्या चेहऱ्यावर आत्मविश्वास होता, आणि तो खोटा नव्हता. पीठ, पाणी आणि गूळ या तिन्ही वस्तू त्याच्या ओळखीच्या होत्या. मथुराबाई त्याच्या तोंडाजवळ माइक धरून उभ्या राहिल्या.

त्यानं पाणी ठेवलं. पाणी खळखळ उकळलं तसं त्यानं दोन वाट्या पीठ एकदम त्यात सोडलं आणि चमचा फिरवला. पिठाचे लिंबाएवढे गोळे झाले. त्यानं ते चमच्यानं दाबले. एकाचे दोन झाले, पण गोळेपण गेलं नाही. पहिल्या रांगेतले नवरे पुढे वाकून पाहू लागले. मागच्या बायांनी पदर तोंडाला लावले. तेजस्विनी आजीच्या मांडीवरून उतरली, स्टेजवर येऊन गंजात डोकावली आणि बापाला म्हणाली, "आई अशी नाई करत."

माइक जवळच होता. ते शेवटच्या रांगेपर्यंत गेलं.

खुशालनं फोन काढला. हात पिठाचे होते म्हणून फोन टेबलावर ठेवला आणि स्पीकर लावला. माइक तसाच होता, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

"बोला लवकर," मंडपात मंजुषाचा आवाज घुमला. मागून गाडीची घरघर येत होती. "गाडीत पाय ठेवाले जागा नाई."

"गोळे झाले," खुशाल म्हणाला.

"उकळत्या पान्यात पीठ टाकलं असन तुमी. आजी, पुढं सरका, दारात नका उभ्या राहू. थे सारं काढून ठुवा. नवं पीठ घ्या, आधी थंड्या पान्यात कालवा. जैनथवाले, उतरा. मंग बारीक आचेवर ठुवा अन हलवत राहा, हात थांबू देऊ नका. गूळ शेवटी. अन गूळ गाळून घेजा, त्यात खडे असतात."

खुशालनं नवं पीठ कालवलं. अडीचशे बाया ऐकत होत्या. मथुराबाईंचा माइक आपोआप फोनकडे वळला होता. मंजुषानं तेवढ्यात दोन माणसांचं सुट्ट्यांवरचं भांडण मिटवलं आणि तेजस्विनीच्या नाकाला सर्दी आहे, तिला पंख्याखाली बसवू नका, असं सांगितलं. मॅडम पुढे आल्या. त्यांनी फोनशी वाकून हिंदीत विचारलं, अम्मा, तुम्ही हे रोज किती वाजता करता?

"चारले उठते मी," मंजुषा म्हणाली. "साडेचारले लापशी होऊन जाते. कोन बोलून राह्यलं?"

मॅडमनी कोण ते सांगितलं. फोनवर गाडीची घंटी वाजली आणि फोन बंद झाला.

लापशी झाली होती, आणि चांगली झाली होती. पण मंडप खुशालकडे पाहत होता. त्यानं शेगडी बंद केली. शर्टाला हात पुसले आणि शर्टाची इस्त्री संपली. पळून जावं असं त्याला वाटलं, पण समोर आई बसली होती आणि पोरगी त्याचा पायजमा धरून वाटी मागत होती.

"मॅडम," तो म्हणाला, "वजनाचा कागद बी तिनंच लिहून देल्ता."

मॅडम तीस वर्षं नोकरी केलेल्या बाई होत्या. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी पेन काढून प्रशस्तिपत्रावरचं खुशालचं नाव खोडलं, तिथे मंजुषाचं लिहिलं आणि ते, शाल आणि डबे घरी पोचवायला खुशालच्याच हातात दिले. मग मथुराबाईंना सांगितलं, दर महिन्याला बैठकीला हाच येईल, आणि स्वतः काय केलं तेवढंच सांगेल. बायांनी टाळ्या वाजवल्या. सत्काराला वाजल्या असत्या त्यापेक्षा जोरात वाजल्या.

"येतो की," खुशाल म्हणाला. एवढ्या लोकांसमोर दुसरं काय म्हणणार होता?

पण तो शब्दाचा पक्का निघाला. दुसऱ्या दिवशी मंजुषाबरोबर चारला उठला. पहिला आठवडा पोरीनं लापशी थुंकली, दुसऱ्यात अर्धी खाल्ली, तिसऱ्यात वाटी चाटली. तिचे केस विंचरणं त्याला लापशीपेक्षा जड गेलं. वेणी एका कानाकडे जायची. तीही जमली. डोसाची तारीख त्यानं कागदाशिवाय लक्षात ठेवली. मंजुषा आता साडेचारला उठू लागली, आणि सुट्टीच्या दिवशी पाचला.

चार महिने असे गेले. एका बैठकीला मॅडम पुन्हा आल्या. खुशाल आता सतरंजीवर बसायचा. त्यानं उठून सांगितलं, तेरा किलो दोनशे, लापशी रोज मीच करतो, सर्दी झाली तेव्हा दवाखान्यातही मीच नेलं. मॅडमनी रजिस्टरात टिक केली, ठीक आहे म्हणाल्या आणि पुढच्या बाईकडे वळल्या.

त्या संध्याकाळी मंजुषा घरी आली तर खुशाल ओट्यावर तोंड पाडून तेजस्विनीच्या कपड्यांच्या घड्या करत होता. तिनं खाकी कोट खुंटीला लावला आणि काय झालं विचारलं. मग त्यानं घडी बाजूला ठेवली.

"पयले काईच करत नोहतो, त फोटो काढत होते," तो म्हणाला. "आता चार महिने झाले सारं करून राह्यलो, त एक बाई बी काई म्हनत नाई. घरात बी कोनी म्हनत नाई. काऊन असं?"

मंजुषाला हसू आलं, आणि ते थांबेना. ती ओट्यावर बसली, पदरानं डोळे पुसले आणि पुन्हा हसली. बयनाबाई आतून विचारायला आली की झालं काय, तर तिलाही सांगता येईना. खुशाल आधी चिडला, आणि मग त्याच्या हळूहळू काहीतरी ध्यानात येऊ लागलं.

शेवटी मंजुषानं उरलेले कपडे स्वतःकडे ओढले आणि घड्या घालायला बसली.

"सवय होते, तेजूचे बाबा," ती म्हणाली. "पयली पाच-सहा वर्षंच जड जातात."