नागपूर मुक्कामी आखडल्या खांद्याच्या मोहिमेची कैफियत

तमाम जाणत्यांस विदित व्हावे जे, शके अठराशें पंचाण्णव, प्रमादीनाम संवत्सरी, चैत्रमासी, नागपूर शहरी जे रण माजले त्याची ही हकीकत. जैसे घडले तैसे लिहिले असे.

इस्पितळांत फिजिओथेरपी नामे विद्येच्या अध्यापिका उत्तराबाई, त्यांचे शिष्यांची अखेरची परीक्षा नजीक आली. तों मुंबईहून परीक्षकसाहेबांचा खलिता दाखल जाहला की, आखडल्या खांद्याचा जिवंत रोगी हजर करावा, तसबीर चालणार नाही, रोगी नसल्यास परीक्षा रद्द. परीक्षा रद्द तर परवाना नाही, आणि परवाना नाही तर मुकुंद नामे शिष्याची खापा गांवी ठरलेली नोकरी बुडाली. मग बाईंनी वॉर्डोवॉर्डी हेर पाठविले आणि नरखेड प्रांतीचे संत्रा-बागाईतदार चंपतराव हस्तगत केले. त्यांचा उजवा हात खांद्यावर चढत नसे. बाईंस परमसंतोष जाहला.

परंतु मुकुंदाने शेक आणि दोरी-कप्पीचा मारा ऐसा चालविला की खांदा रोज थोडा हटूं लागला. मग मुकुंदानेच भीतभीत अर्ज केला की, परीक्षेपावेतो उपचार तहकूब करावा. बाईंचे मनीं मोह आला, नाही ऐसे नाही. दोन घटका विचार करून हुकूम दिला की, रोग्याचे दुखणे ही आपली दौलत नव्हे, मारा चालू ठेवावा. परीक्षेचे आदले दिवशी चंपतरावांनी हात उंच केला आणि म्हणाले, "बाई, आता तं खुंटीवरचा सदरा मीच काढून राहिलो." बाई हसल्या, आणि हेर पुन्हा वॉर्डोवॉर्डी धाडिले.

दुसरे दिवशी परीक्षकसाहेबांची स्वारी दाखल जाहली. रोगी नाही. इतक्यांत चंपतराव कुटुंब प्रयागबाई यांसह संत्र्यांची टोपली नजर करावयास आले. टोपली प्रयागबाईंनी डाव्या हाताने ठेविली, पदर डाव्याने सावरला, उजवा कोपर अंगास चिकटलेला. बाईंची नजर तेथेच ठरली. पुसले, हात केव्हापासून असा?

"दोन वर्सं झाले," प्रयागबाई म्हणाल्या.

चंपतराव थक्क जाहले. "काहून वं, मले सांगतलं नाही?"

"तुमचंच दुखनं चालू होतं. त्यात माह्यं कुठं काढू?"

मग त्यांची रजामंदी घेऊन मुकुंदाने मोर्चा लाविला. खांदा चाचपला, हात कोठवर जातो आणि कोठे अडतो ते हळूहळू पाहिले, आणि साहेबांस अर्ज केला की गड जुना आहे, एक दिवसांत पडणार नाही, रोज येणे लागेल. साहेबांनी मान डोलावून त्यास उत्तीर्ण केले.

प्रयागबाई म्हणाल्या, "रोज येऊ, तं घरचं कोन करन?"

चंपतरावांनी आपला मोकळा हात एकवार पाहिला. "मी करतो," म्हणाले.

मग सीताबर्डीस मेहुण्याचे घरी उभयतांचा तळ पडला. श्रावणमासी प्रयागबाईंनी दोन्ही हातांनी आपला अंबाडा आपण बांधिला, आणि बाईंनी तो मागून पुढून निरखून पाहिला. मुकुंद परवान्यासह खाप्यास रुजू जाहला. फत्ते पुरी जाहली. चंपतरावांची भाकरी मात्र अद्याप गोल होत नाही आणि प्रयागबाई ती बसून खातात, हेही दप्तरी नमूद केले असे.