क्रांती गणपूर्तीअभावी तहकूब

ठाण्याला नौपाड्यात एका दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आमची गेम बनवणारी कंपनी आहे आणि तिथे मी क्रांती विभागाचा प्रमुख आहे. विभागात मी एकटाच असल्यामुळे शिस्त उत्तम आहे. राजसत्ता, करवसुली आणि तोफखाना या विभागांची कामं कधीच उरकली होती. आमच्या 'छत्रचामर' या गेममध्ये राजा प्रजेला लुटू शकत होता, उपाशी ठेवू शकत होता, तुरुंगात टाकू शकत होता. प्रजेने उलटून काही करावं, एवढंच बाकी होतं. ते काम माझ्याकडे होतं.

शुक्रवारी बंगळुरूहून जागृती मॅडम येणार होत्या. आमच्या कंपनीत पैसा घालायचा की नाही ते त्या ठरवणार होत्या. त्यांची अट साधी होती. डोळ्यांदेखत एक क्रांती बघायची, आणि जमल्यास एक यादवी युद्धही. आमचे मालक हितेश सर यांनी मला केबिनमध्ये बोलावलं, चहा पाजला आणि म्हणाले, "विनीत, शुक्रवारपर्यंत राजा पडला पाहिजे. तो नाही पडला तर तू पडशील."

"पाडतो सर."

"आणि प्रजा आपली पाहिजे हां. फ्रान्सची वगैरे नको. खेळणाऱ्याला वाटलं पाहिजे, अरे, हे तर आपलेच लोक!"

सगळा घोळ या एका वाक्याने केला.

मी राहतो डोंबिवली पूर्वेला, स्नेहबंधन सोसायटीत, सहाव्या मजल्यावर. आमची लिफ्ट गणपतीच्या आधी बंद पडली. कुठल्या वर्षीच्या गणपतीच्या, यावर सोसायटीत दोन मतं आहेत. माझी आई, मंजुळाबाई, गुडघ्यांनी बेजार आहे, त्यामुळे लिफ्ट गेली तेव्हापासून ती खाली उतरलेली नाही. भाजी दोरीला पिशवी बांधून वर घेते आणि देवळातल्या घंटेला खिडकीतून नमस्कार करते. तर आपले लोक हवेत म्हटल्यावर मी आमच्या सोसायटीतलेच सगळे स्वभाव उचलून गेममध्ये प्रजा म्हणून टाकले. आईला मोठ्या अभिमानाने सांगितलं, तर ती म्हणाली, "पाड बाबा त्या राजाला. पण आधी त्या लिफ्टचं बघ ना रे. एकदा देवळात जाऊन येईन म्हणते."

"बघतो गं. शुक्रवार होऊ दे."

गेमचा नियम सोपा होता. पडद्याच्या कोपऱ्यात असंतोषाचा काटा. तो शंभरावर गेला की क्रांती. आमची प्रोग्रामर हेमाली आणि मी चाचणीला बसलो. पहिल्या फटक्यात कर दुप्पट केला. काटा चाळिसावर गेला, थबकला आणि खाली येऊ लागला. एका प्रजाजनावर क्लिक करून त्याच्या मनात डोकावलो, तर आत लिहिलेलं होतं, 'बाजूच्या राज्यात याहून वाईट आहे म्हणे.'

मग पाणी तोडलं. प्रजेने निळी पिंपं आणली. ज्याला मोठं पिंप मिळालं तो खूश, आणि ज्याला लहान मिळालं तो मोठ्या पिंपवाल्यावर चिडलेला. राजाची कोणाला आठवणसुद्धा झाली नाही. मग मी दात-ओठ खाऊन नदीवरचा पूल पाडला. काटा नव्वदीला भिडला! हेमालीने माझा हात घट्ट धरला. तेवढ्यात राजा पालखीतून आला, त्याने नव्या पुलाच्या जागी नारळ फोडला आणि काटा धाडकन शून्यावर. पूल काही झाला नाही. गेममधली दोन वर्षं गेली, काटा पुन्हा चढला, राजा पुन्हा आला आणि त्याच दगडावर दुसरा नारळ फोडला. काटा पुन्हा शून्य. खोबरं मात्र घरोघर पोचलं.

"हेमाली, हा नारळ कोणी घातला?"

"तुम्हीच बोललात ना सर, आपल्यासारखे लोक बनव म्हणून? मी कल्याणची आहे. मी काय वेगळे लोक आणणार?"

शोधता शोधता लक्षात आलं की राग भरपूर आहे, पण तो गळतोय. गावात आम्ही एक चावडी ठेवली होती. प्रजाजन तिथे यायचा, भिंतीवर 'जाहीर निषेध' असं लिहायचा, खाली जोडलेल्या दोन हातांचं चित्र काढायचा आणि घरी जाऊन गाढ झोपायचा. मी चावडी पाडली. लोक अखेर एकत्र जमले. आता राजवाड्यावर चालून जाणार, इतक्यात त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याने हात वर केला आणि विचारलं, गणपूर्ती झाली आहे का? मोजलं तर माणसं कमी. क्रांती गणपूर्तीअभावी अर्धा तास तहकूब झाली. त्या अर्ध्या तासात चहा आला, चहाबरोबर वेफर्स आले आणि पुढचा विषय एवढाच निघाला की गेल्या वेळचे वेफर्स जास्त कुरकुरीत होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो!

मग मी एक पुढारी घातला. तडफदार, प्रामाणिक, आवाज खणखणीत. प्रजेने त्याला हार घातला, अध्यक्ष केलं, सगळी कामं त्याच्या गळ्यात मारली आणि दुसऱ्या दिवसापासून म्हणायला लागली, 'हा कसला, याच्यापेक्षा राजा बरा होता.' राजाची लोकप्रियता वाढली. बुधवारी हितेश सरांनी माझ्या खुर्चीकडे अशा नजरेने बघितलं की ती कोणाला द्यायची तेही ठरलंय, असं मला वाटलं.

गुरुवारी राघोशेठ आले. राघोशेठ म्हणजे आमच्या ऑफिसचे जागामालक. मूळचे कोपरीचे. आजोबांची मिठागरं होती, आता नातवाच्या पाच इमारती आहेत. ते माझ्या मागे उभे राहिले, पडद्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "काय रं इनित, ह्यो तुजा राजा? गल्यान चेन नाय, डोल्यावर गॉगल नाय. ह्याला राजा कोन बोलंल?"

"शेठ, जुन्या काळातला राजा आहे तो."

"मंग जुना गॉगल घाल. आनि माजा फोटू लाव त्याला."

मी हितेश सरांकडे पाहिलं. सर कानात कुजबुजले, "अरे लाव, जागेचा करार संपत आलाय." दहा मिनिटांत राजा राघोशेठ झाला. शेठनी मान डोलावली. मग त्यांचा चेहरा पुन्हा पडला.

"राजाचा वाढदीस कंदी असतो? बॅनर कुटं हाय?"

"बॅनर नाहीये शेठ."

"बॅनर नाय? मंग राज्य कसला रं ह्यो?"

तेव्हा हेमालीने भर चौकात राजाच्या वाढदिवसाचा बॅनर घातला. वर गॉगल घातलेले राघोशेठ, आकाशाएवढे. खाली शुभेच्छुक म्हणून प्रजेचे फोटो. जागा कमी पडली, म्हणून गेम आपल्या मनाने चौघांचे मोठे घ्यायचा, बाकीच्यांचे बारीक, आणि उरलेल्यांचे घ्यायचाच नाही. त्याकडे आम्ही लक्ष दिलं नाही. क्रांती होत नसताना बॅनरवर कोण वेळ घालवणार?

शुक्रवारी जागृती मॅडम आल्या. राघोशेठही आले, इस्त्रीचा पांढरा झब्बा घालून, स्वतःला बघायला. मी कर चौपट केला, पाणी तोडलं, पूल पाडला, कोठारं पेटवली. प्रजा म्हणाली, 'बघू, काहीतरी होईल.' मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. हितेश सरांनी माझ्याकडे पाहिलं. आता घरी आईला काय सांगायचं याची मी मनात जुळवाजुळव करू लागलो. तेवढ्यात गेममध्ये राजाचा वाढदिवस उजाडला आणि चौकात बॅनर चढला.

काटा थेट शंभरावर!

नदीच्या पश्चिमेकडच्या एका धान्यवाल्याने विचारलं, पूर्वेकडच्या दूधवाल्याचा फोटो माझ्याहून मोठा का? दूधवाला म्हणाला, मी राजाचा जुना माणूस आहे. ज्यांचे फोटो नव्हतेच, त्यांनी पहिला दगड मारला. बघता बघता पूर्व आणि पश्चिम अशी दोन सैन्यं उभी राहिली. पाणी तोडलं तेव्हा ज्यांनी ब्र काढला नव्हता, ते पिंपं एकमेकांच्या डोक्यात घालू लागले. गणपूर्तीचं विचाराल तर आजारी माणसं खाटेसकट आली होती.

"लागली सर, लागली!" हेमाली किंचाळली.

यादवी पेटली होती. मी राजवाड्याकडे डोळे लावून बसलो. आणि खरंच, दोन्ही सैन्यं तिकडे वळली! वाड्याच्या दारात थांबली. जोडे काढले. आत जाऊन दोघांनी राजाला वाकून नमस्कार केला आणि विनंती केली की महाराज, आता तुम्हीच निवाडा करा. गॉगलवाल्या राजाने दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि जाहीर केलं की पुढच्या वर्षीचा बॅनर दुप्पट लांब असेल. जयजयकाराने आमच्या स्पीकरचे पडदे फाटायची वेळ आली.

"पण राजा पडला नाही," जागृती मॅडम म्हणाल्या.

मी मान खाली घातली.

"कमाल आहे!" त्या उठून उभ्या राहिल्या. "म्हणजे हा राजा कधीच पडणार नाही. म्हणजे गेम कधीच संपणार नाही. हे सुचलं कसं तुम्हाला?"

"रिसर्च, मॅडम," हितेश सर म्हणाले.

"मी बोल्लो व्हतो," राघोशेठ म्हणाले.

कंपनी तरली. संध्याकाळी सरांनी कळवलं की क्रांती विभागाची आता गरज उरली नसल्यामुळे तो बंद करण्यात येत आहे आणि त्याच जागी बॅनर विभाग सुरू होत आहे. प्रमुख मीच. खुर्ची तीच. माझं डोकं सणकलं. एवढी मेहनत कशासाठी केली मी? हेमालीला म्हटलं, आपण सगळे मिळून सरांशी बोलू. सगळ्यांनी माना डोलावल्या. बोलायला जमलो तेव्हा निम्मेच होतो. म्हणून अर्ध्या तासाने भेटायचं ठरवलं, आणि तेवढ्यात मॅडमच्या सन्मानार्थ मागवलेले सामोसे आले.

सामोसे गरम होते, ते मी नाकारणार नाही. पण घरी जाताना माझं मन मला खाऊ लागलं. अरे, आयुष्यात एक तरी क्रांती करशील की नाही? मग ठरवलं, आजच्या आज लिफ्ट. जिना चढत प्रत्येक मजल्यावर बेल वाजवली, "चला, खाली चला, आज सोक्षमोक्ष लावू," असं ओरडत गेलो. आणि नवल म्हणजे लोक आले! वरून आई टाळ्या वाजवत होती. सगळा जमाव घेऊन मी गेटवर पोचलो. तिथे आमचे सेक्रेटरी हरिहरकाका उभे होते, आणि त्यांच्या डोक्यावर एक नवा कोरा बॅनर फडकत होता. 'लिफ्टच्या कामाचा लवकरच शुभारंभ. त्याबद्दल कमिटीचे हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुक, समस्त सभासद.' खाली सभासदांचे फोटो.

मी माझा शोधला. शेवटच्या रांगेत होता, तिकिटाएवढा. त्यातही अर्धा चेहरा नारळाच्या चित्राखाली गेलेला. आणि तळमजल्यावरचा गुणाजी, जो भाडेकरू आहे, साधा भाडेकरू, तो वरच्या रांगेत हसत होता.

"हरिहरकाका, हा काय प्रकार आहे?" माझा आवाज मलाच ओळखू येईना. "ह्या गुणाजीला वर घेता आणि मला नारळाखाली?"

"ए, नारळाखाली तर नारळाखाली, तुझा आहे तरी!" मागून कोणीतरी ओरडलं. "आमच्या बी विंगचा एकही नाहीये!"

पुढचं मला नीट आठवत नाही. गुणाजीची कॉलर माझ्या हातात होती आणि माझा चष्मा कोणाच्या तरी पायाखाली. अशात सहाव्या मजल्यावरून आईची हाक आली, "विनीत! अरे, लिफ्टचं काय म्हणतायत ते?"

"थांब गं तू!" मी खालून खेकसलो. "आधी फोटोचं मिटू दे!"

हरिहरकाकांनी दोन्ही हात वर केले आणि जाहीर केलं की पुढचा बॅनर दुप्पट लांब असेल. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, दोन्ही हातांनी. वरची खिडकी बंद झाल्याचा आवाज आला, तो टाळ्यांत कोणाला ऐकू गेला नसेल. मला गेला.

तुम्ही हसताय. हसा की! गुरुवारपर्यंत मीही हसतच होतो. फक्त एक करा, खाली जाऊन तुमच्या गेटवरच्या बॅनरवर तुमचा फोटो कितव्या रांगेत आहे ते बघून या. जिन्यानेच जा. तुमचीही लिफ्ट बंद असेल.