गणपतरावांचा निकाल

"आबा, एक शब्द द्या," गाडी लावता लावता अमरसिंह म्हणाला. "आज कशालाबी नावं ठेवायची न्हाईत. पास न्हाय, नापास न्हाय. गप जेवायचं."

"मी कवा नावं ठिवतो?" गणपतराव म्हणाले, आणि मागच्या सीटवर त्यांच्या पत्नीला, म्हणजे आक्कांना, आणि सून प्रियदर्शनीला एकाच वेळी खोकला आला.

गणपतरावांनी छत्तीस वर्षं मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानात गूळ पारखला होता. सौदा निघायच्या आधी गुळाच्या रव्याचा, म्हणजे ढेपेचा, कोपरा फोडायचा, चिमूटभर जिभेवर ठेवायचा आणि निकाल द्यायचा. त्या निकालावर कधी कुणी ब्र काढला नाही. दोन वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले, पण जीभ काही निवृत्त व्हायला तयार होईना. यार्डातून कोणी विचारायला येत नाही म्हटल्यावर तिनं घरातच काम शोधलं. सकाळचा चहा नापास, आमटी फेरतपासणीला, प्रियदर्शनीचा केक 'रंग बरा, कणी न्हाय'. घरचे वैतागले होते आणि हे गणपतरावांना कळत होतं. आपली जीभ आता कुणालाच नको आहे, हे त्यांना मनातून फार लागलं होतं. म्हणूनच त्यांनी मुकाट्यानं शब्द दिला.

हॉटेल नवंकोरं होतं. आत उजेड इतका बेताचा, की आक्कांनी दारातच "लाईट गेलीया व्हय?" म्हणून चौकशी केली. टेबलापाशी काळ्या सुटातला कॅप्टन आला आणि त्यानं प्रत्येकापुढे एकेक सपाट दगड ठेवला. दगडाच्या मधोमध बोराएवढी पिवळी गोळी होती.

"सर, हे पिठलं," कॅप्टन अदबीनं म्हणाला. "आमच्या टेस्टिंग मेन्यूतली पहिली डिश. अशा नऊ येतील. प्रत्येकीची चव घ्या आणि तुमचं मत नक्की सांगा."

गणपतरावांनी मुलाकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर दोन वर्षांत दिसलं नव्हतं असं तेज आलं होतं.

"नमुना हाय," ते म्हणाले. "नऊ नमुने. आन् मत ह्येनीच मागितलंय, अमर. मी न्हाय."

त्यांनी गोळीचा कोपरा चिमटीत धरला, जिभेवर ठेवला, डोळे मिटले आणि उरलेली गोळी दगडासकट पुढे सरकवली. नमुना चाखायचा असतो, खायचा नसतो. यार्डात नमुना खाणाऱ्याला कोणी पारखी म्हणत नाही.

"बेसन ताजं हाय, फोडणी घाईत झालीया. पास. म्होरचा आणा."

दुसरा आला तांबडा रस्सा, अंगठ्याएवढ्या पेल्यात. गणपतरावांनी करंगळीचं टोक बुडवलं. "मटण झ्याक. मिरची गेल्या सालची. नापास."

कॅप्टन पेला उचलून आत पळाला. तिसऱ्या खेपेला पांढरा रस्सा आला, पण नुसता फेसाच्या रूपात.

"उतू गेला वाटतं," आक्का हळहळल्या.

"फेसावर निकाल देता येत न्हाय," गणपतराव कॅप्टनला म्हणाले. "खालचं आणा."

शेजारच्या टेबलावरचे एक धिप्पाड गृहस्थ मघापासून कान देऊन बसले होते. ते अखेर वाकून म्हणाले, "पावणं, एवढं आमचंबी बघता का? आमास्नी कळंना, खातोय काय!"

गणपतरावांनी बघितलं. "वांगं हाय. पास."

मग पलीकडच्या टेबलावरून हात आला, त्याच्या पलीकडूनही आला. सहाव्या डिशपर्यंत गणपतराव हॉटेलच्या मधोमध उभे होते आणि लोक ताटल्या पुढे करत होते. अमरसिंहनं डोकं धरलं.

"आबा, शब्द दिलता न्हवं!"

"लोकं इचारत्यात रं!" गणपतराव म्हणाले. खरंच, दोन वर्षांत कोणी विचारलं नव्हतं.

एवढ्यात स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि शेफ निशिगंधा बाहेर आली.

"मिरची गेल्या वर्षीची हे कसं ओळखलंत काका?"

"त्यात काय ओळखायचं? तिखट हाय, पण वास न्हाय."

मिरची गेल्या वर्षीचीच होती. निशिगंधा हसून म्हणाली, "शेवटची डिश मी स्वतः आणते. तिच्यात मात्र तुम्हाला खोट सापडणार नाही." आणि तिनं अमरसिंहकडे बघून डोळे मिचकावले. अमरसिंहचा पडलेला चेहरा एकदम फुलला. प्रियदर्शनीनं लगबगीनं मोबाईल काढून व्हिडिओ सुरू केला.

शेवटच्या ताटलीत गुळाचा खडा होता, त्यावर साजूक तूप आणि भाजलेले तीळ. आजूबाजूचे लोक खुर्च्या वळवून बसले. गणपतरावांनी घाई केली नाही. बाकी सगळा किरकोळ मामला होता, इथे मात्र त्यांचं राज्य होतं. त्यांनी खड्याचा कोपरा फोडून जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले.

"तूप पास. तीळ पास. गूळ नापास. साखर मारलीया, भेसळ हाय."

प्रियदर्शनीनं व्हिडिओ बंद केला.

"शक्यच नाही," निशिगंधा म्हणाली. "एकदम शुद्ध म्हणून घेतलाय आम्ही!"

"गूळ जिभंवर बसाय पायजे, पोरी. ह्यो आला आन् गेला."

निशिगंधानं गुळाचा डबा आणून त्यांच्यापुढे ठेवला. डब्यावर फेटा बांधलेले, मिशीला पीळ दिलेले खुद्द गणपतराव होते. खाली अक्षरं होती: 'आबांचा गूळ. छत्तीस वर्षांची पारख.'

आक्कांनी चष्मा चढवला. "आगं बया, हे तर तुमीच की!"

"सरप्राईज होतं, आबा," अमरसिंह कसाबसा म्हणाला. "तीन म्हैने झालं, धंदा सुरू केलाय. तुमास्नी दावायलाच हितं आणलंतं."

"गूळ पारखला कुणी?"

"गुऱ्हाळवाला म्हणला, शंभर टक्के शुद्ध हाय."

"त्यो म्हणला," गणपतराव म्हणाले. "आन् मी घरात चहाला नावं ठिवत बसलोतो."

अमरसिंहला मान वर करवेना. "उद्याच्या उद्या सगळं डबं परत मागवतो. तुमचा फोटोबी काढून टाकतो."

गणपतरावांनी डबा उचलून उजेडाकडे धरला. मिशी पाहिली, फेटा पाहिला.

"फोटो कशाला काढतोस? फोटो पास हाय. गूळ बदल. सकाळी सहाला गाडी काढ, मी येतो संगं."

"आणि काका, आमची मिरची?" निशिगंधानं विचारलं.

"मिरची येताना बघू," गणपतराव म्हणाले.

मग त्यांनी ताटली पुढ्यात ओढली, उरलेला गूळ सावकाश खाल्ला आणि तूपही बोटानं पुसून घेतलं. त्या संध्याकाळी त्यांनी संपवलेली ती एकच ताटली.

"आत्ता तर नापास म्हणालासा की!" आक्का म्हणाल्या.

"नापासच हाय," बोट चाटत गणपतराव म्हणाले. "पण घरचा हाय."