लवादाची दाढ

सुनावणीच्या शेवटच्या दिवशी लवादसाहेबांचा उजवा गाल इतका सुजला होता, की त्या बाजूला बसलेल्या आरोग्य खात्याला साहेब आपल्यावर फुगलेत असं वाटू लागलं. डावीकडच्या दंतवैद्यांच्या संघटनेला हायसं वाटलं. साहेबांना दोन्ही पक्षांविषयी काहीच वाटत नव्हतं. त्यांची दाढ ठणकत होती.

सरकारी दवाखान्यांतल्या डॉक्टरांना आणि दंतवैद्यांना संपाची मुभा नव्हती. रुग्णांना वाऱ्यावर सोडता येत नाही, म्हणून खात्याशी भांडण मिटलं नाही की लवाद नेमायचा आणि तो सांगेल ते दोघांनी मुकाट्याने मानायचं. त्यातही एक मेख होती. दोन्ही पक्षांनी आपापला अखेरचा प्रस्ताव ठेवायचा आणि लवादाने त्यातला एक जसाच्या तसा उचलायचा. मधला मार्ग काढायची सोय नव्हती. या खेपेला दंतवैद्य म्हणत होते, प्रत्येक खुर्चीला एक मदतनीस द्या. खातं म्हणत होतं, चार खुर्च्यांत एक पुष्कळ झाला.

साहेबांनी आयुष्यभर असे निवाडे दिले होते. घरात मात्र शेवटचा शब्द बायकोचा असे. ती गेल्यापासून ‘आधी दाढ दाखवून या’ असं दटावणारं कुणी उरलं नव्हतं, आणि साहेबांनी ते प्रकरण स्वतःपुढे प्रलंबित ठेवलं होतं. उजवीकडे चावायला तेवढी एकच दाढ शिल्लक होती. ती गेली की ती बाजूच बंद.

दुपारी त्यांनी गार पाण्याचा घोट घेतला आणि भर सुनावणीत त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या. सुनावणी सरकारी दंत विभागाच्याच सभागृहात चालली होती, उपचाराच्या खुर्च्या खालच्या मजल्यावर. संघटनेच्या अध्यक्षाबाई उठल्या. लगोलग खात्याचे संचालकही उठले. तेही मूळचे दंतवैद्यच, पण बढती मिळाल्यापासून पेनाखेरीज कुठलंही हत्यार त्यांनी हातात धरलं नव्हतं. एका पक्षाने लवादाला एकट्याने गाठायचं नाही, हा नियम. त्यामुळे खाली जाऊन खुर्चीत साहेबांनी आ केला तेव्हा आत दोन डोकी वाकली.

“काढावी लागणार,” संचालक चटकन म्हणाले.

“वाचेल की,” बाई त्याहून चटकन म्हणाल्या. “नस साफ करते, झालं.”

साहेबांपुढे इथेही दोनच प्रस्ताव आले. त्यांनी बाईंकडे बोट दाखवलं. संचालकांनी याला हरकत घेतली. बरीच चर्चा होऊन, हरकत घेणाऱ्याने शेवटपर्यंत हजर राहावं असं ठरलं.

बाईंनी इंजेक्शन दिलं, जबडा बधिर झाला, काम सुरू झालं. विभागातली एकुलती एक मदतनीस पलीकडच्या खुर्चीशी अडकली होती. तेव्हा बाईंनी लाळ ओढायची नळी संचालकांच्या हातात दिली. थोड्याच वेळात त्यांचा दंड भरून आला. तेवढ्यात शेजारच्या खुर्चीतल्या आजींनी, “अरे मदतनीस, चूळ भरायला पाणी दे की बाबा,” म्हणून हाक मारली. संचालक पाणी देऊन येईपर्यंत इकडे साहेबांना जोराचा ठसका लागला.

“रोज असंच चालतं?” संचालकांनी विचारलं.

“छे. रोज नळी धरायला संचालक कुठले मिळायला? एका हाताने दात कोरायचा, दुसऱ्याने नळी धरायची आणि दिवा कपाळाने सरकवायचा.”

आठवडाभर दोघंही फक्त लवादाकडे तोंड करून बोलले होते. आता लवादाच्याच उघड्या तोंडावरून ते पहिल्यांदा एकमेकांशी बोलत होते.

“मीही कपाळानेच सरकवायचो,” संचालक हळूच म्हणाले. “विसरलो नाही हो. पण समोर तुमची संघटना बसलेली. तुमच्यादेखत कबूल कसं करणार?”

बाईंनी हातातलं हत्यार खाली ठेवलं. “मग माझंही ऐका. या दाढेचं मूळ तडकलंय, ती वाचायची नाही. आ केल्या केल्याच मला शंका आली होती.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुम्ही आधी ‘काढा’ म्हणालात ना.”

मग संचालकांनी नळी डाव्या हातात घेऊन उजवा पुढे केला. साहेबांच्या नाकावरून हस्तांदोलन झालं.

“साहेब,” संचालक अदबीने म्हणाले, “आता तुम्हाला निवाड्याची तसदी नको. आमचं एकमत झालंय. प्रत्येक खुर्चीला मदतनीस.”

“आणि दाढ काढायची,” म्हणत बाईंनी पक्कड उचलली.

साहेबांनी घाईने हात वर केला. त्यांच्या घशातून बराच लांबलचक आवाज निघाला, पण त्यातलं एक अक्षरही कळलं नाही.

“त्यांना काहीतरी म्हणायचं असावं,” संचालक म्हणाले.

“असेल,” बाई म्हणाल्या. “पण ते पक्षकार नाहीत.”

मुद्दा कायद्याला धरून होता. साहेबांनी हात खाली घेतला.