ग्यानोबाचा गाण्यांचा सिनेमा

ग्यानोबा गाण्यांचा सिनेमा दाखवायचा, आणि तो आवाज बंद करून. पडद्यावर चार गोरी मुलं तोंडं उघडून गात असायची आणि टीव्हीशेजारी लोखंडी खुर्चीवर बसलेला ग्यानोबा त्यांच्या वतीनं मराठीत बोलायचा.

सई, निनाद, परवा तुम्ही फोनवर सांगितलंत की हॉलिवूडचा एक जुना, मुलांचा सिनेमा आता डिस्कवर नव्यानं निघाला आहे. लाकडी खेळणी करणाऱ्या बापाची आणि त्याच्या चार मुलांची गोष्ट. "आजी, तू पाहिलास का?" असं विचारलंत. मी तो निदान तीस वेळा पाहिला आहे, लातूरला, व्हिडिओ कॅसेटवर. पण मी पाहिलेली गोष्ट तुमच्या डिस्कमध्ये सापडायची नाही, म्हणून लिहून पाठवते.

लातूर जिल्हा तेव्हा नवा होता. नव्या जिल्ह्याला माणसं लागतात, तशी ती चारी दिशांनी बदलून आली. आमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये कोण कुठला हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मी शाळेत इंग्रजी शिकवत असे. समोरच्या क्वार्टरमध्ये ग्यानोबा राहायला आला. तो नांदेड जिल्ह्यातल्या लोह्याचा, सरकारी ड्रायव्हर. बरोबर सहा वर्षांची मुलगी, शकू. बायको नांदेडला दवाखान्यात आहे, असं त्यानं पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगून टाकलं.

"इलाज चालू हाय, बाई. टाइम लागतो."

त्यात दुष्काळ पडला आणि ग्यानोबाला पाण्याच्या टँकरवर घातलं. दिवसभर तो खेड्यांना पाणी पोचवायचा. शाळा सुटली की शकू आमच्या ओसरीवर येऊन बसायची. आमच्या वसाहतीत टँकर आला की घागरींची रांग लागे. रांगेत सर्वांत शेवटची घागर ग्यानोबाची. कुणी म्हणालं, "अहो, तुमचीच तर गाडी, घ्या की आधी," तर तो हात जोडायचा. "ड्रायव्हरची घागर मागं. पाण्याला बट्टा लागतो."

एकदा त्याच्या आधीच पाणी संपलं. त्यानं टँकरच्या पाठीवर थाप मारली, "बरं झालं, तुला बी सुट्टी," म्हणाला, आणि माझ्याकडून एक कळशी उसनी नेली. न्यायच्या आधी कळशीत पाणी कुठवर आहे तिथं खडूनं रेघ ओढली. दुसऱ्या दिवशी कळशी परत आली ती त्या रेघेला बरोबर भिडलेली. मी स्वतः टापटिपीची बाई. मला हा माणूस फार आवडला.

त्याचा मेहुणा आखातात होता. त्यानं ग्यानोबाला टीव्ही, व्हिडिओ आणि ही एकच कॅसेट दिली होती. बाजारात हव्या तेवढ्या हिंदी कॅसेटी भाड्यानं मिळत, पण ग्यानोबाचं ठरलेलं उत्तर होतं, "येकच हाय, पर घरची हाय." दर रविवारी दुपारी तीन वाजता, वीज असली तर, त्याच्या बाहेरच्या खोलीत पंचवीस-तीस मुलं आणि त्यांच्या आया जमत. चपला भिंतीला टाच लावून ओळीत. बुटकी मुलं पुढं, उंच मागं. शंका असली तर तो दोघांना पाठीला पाठ लावून उभं करी. रडकी बाळं दाराशेजारी.

मग गोष्ट सुरू व्हायची. खेळणीवाला झाला सुतारदादा. त्याचा श्रीमंत मामा झाला तहसीलदार. बर्फ पडायला लागला की ग्यानोबा सांगे, "कापूस हाय हे. औंदा तिकडं लई पिकलाय." एका प्रसंगात ती मुलं मोठ्या टबात बसून एकमेकांवर बादल्या ओततात. तो आला की ग्यानोबा कॅसेट पुढं पळवायचा.

"अवं ग्यानोबा, बघू द्या की जरा!" बायका ओरडत. "डोळ्याला तरी गार वाटंल!"

"न्हाई म्हंजे न्हाई. नासाडी हाय ती. टँकरच्या साली असलं बघू नये."

त्या घरात भिंतीवर एका बाईची मोठी तसबीर आहे. मुलं तिच्यासमोर उभी राहून गातात. ग्यानोबाचा आवाज इथं मऊ व्हायचा. "ही त्यांची आई. इलाजाला नांदेडला हाय. लेकरं तिला सांगून राहिले, आई, आम्ही शाळेत जाऊन राहिलो, पोटभर जेवून राहिलो. तू घोर करू नको." आणि शेवटी घोडागाडीतून एक बाई उतरते, मुलं तिच्याकडं धावतात, तेव्हा तो खुर्चीवरून उठायचा. "बघा! आली का न्हाई बरी होऊन?"

एका मुलीनं हटकलं, "ग्यानोबाकाका, फोटोतल्या बाईचे केस पिवळे आहेत. हिचे तर काळे."

"दवाखान्यात राहून माणूस बदलतं. तू टायफॉइडमधून उठलीस तवा तुझ्या बापानं वळखलं व्हतं का तुला?"

सगळे हसत. शकू पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवायची.

चुकीचं काही कानावर पडलं की मला राहवत नाही. लग्नपत्रिकेतल्या चुकासुद्धा मी लाल पेन्सिलीनं दुरुस्त करते. कॅसेटच्या खोक्यावर इंग्रजीत छापलेली गोष्ट मी वाचली होती, तरी हे मी कित्येक रविवार सोसलं. पण एकदा त्याच मुलीनं मलाच विचारलं, "बाई, तुम्हाला इंग्रजी येतं. ती खरंच बरी होते का हो?"

वर्गात सांगावं तसं मी सांगितलं, "नाही. त्यांची आई सिनेमा सुरू व्हायच्या आधीच वारलेली आहे. शेवटी येते ती दुसरी बाई. त्यांचे वडील तिच्याशी लग्न करतात."

ग्यानोबानं कॅसेट थांबवली. शकू उठली, माझ्याकडं वळली आणि म्हणाली, "बाईला इंग्रजी येत न्हाई."

खोलीभर हशा झाला. मीही हसले. ग्यानोबा हसला नाही.

दुसऱ्या दिवशी टँकर लावून तो संध्याकाळी आमच्या ओसरीशी आला. बस म्हटलं तरी बसला नाही.

"बाई, तुमचं बरोबर हाय."

"अहो, मला राग नाही आला. लहान आहे ती."

"तसं न्हाई. मला आदीपासून ठावं हाय. इंग्रजी येत न्हाई, पर त्या लोकांचे सुतकाचे काळे कपडे कळतेत की मला." तो ओसरीच्या खांबाला टेकला. "शकूच्या आईला जाऊन दोन साल झाले. नांदेडलाच गेली. लेकरू तवा नायगावला मावशीकडं व्हतं. मावशी म्हणली, सांगा तिला. मी म्हणलं, उद्या सांगतो. तवर बदलीचा कागद आला. हितं कुणालाच काई ठावं नव्हतं, बाई. मला वाटलं, हितं तरी ती जित्ती हाय."

मी हातातल्या वह्या खाली ठेवल्या.

"शकू तिच्या वाटणीचं पाणी पीत न्हाई सगळं. रोज गिलासभर डेऱ्यात ठेवून राहिली. आई आली की तिला न्हायला लागंल म्हणती. पाण्यात किडे झाले, टाकू देईना." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "येत्या रविवारी तुम्ही सांगा. सिनेमातलंच सांगा, पर खरं सांगा."

"ग्यानोबा, हे बापाचं काम आहे."

"हाव. म्हणून तर दोन साल झालं न्हाई."

मी हो म्हटलं.

त्या रविवारी लोखंडी खुर्चीवर मी बसले. ग्यानोबा मागं दाराशी, रडक्या बाळांच्या आयांजवळ उभा राहिला. मुलांना वाटलं, बाई आणि काका यांची पैज लागली आहे. तसबीर आली. मी म्हणाले, "ही त्यांची आई. ती आजारी होती. डॉक्टरांनी पुष्कळ उपाय केले, पण ती वारली. आता ती येणार नाही. मुलं तिची आठवण काढून गात आहेत." माझा आवाज वर्गातलाच होता. दुसरा माझ्याकडं नव्हता.

गाणं संपेपर्यंत शकू बघत राहिली. मग मान न वळवता तिनं विचारलं, "त्यांना कुणी सांगितलं?"

"त्यांच्या वडिलांनी."

"मग त्यो रडला का?"

मी पडद्याकडं पाहिलं. सुतारदादा एका लाकडी घोड्याला रंग देत हसत होता. याबद्दल सिनेमात एक अक्षर नव्हतं.

दाराकडून आवाज आला, "रडला, माय. लई रडला."

शकू उठून उभी राहिली. दाटीवाटीनं बसलेल्या त्या खोलीत मागं जायला वाट नव्हती. मुलांनी एकेक करून गुडघे पोटाशी घेतले आणि तिला बापापर्यंत जाऊ दिलं.