राजा चार बोटं पुढं

घरात डबाभर साखर असताना मी रिकामी वाटी घेऊन शेजारी साखर मागायला जायचं ठरवलं. पुढचं सगळं एवढ्यावरून झालं.

शेजारच्या उपेंद्र कुलकर्ण्यांकडं तीन दिवस बाप-लेक एकमेकांशी बोलत नव्हते, आणि न बोललेलं भिंतीतून ऐकू येत नाही. (बोललेलं येतं. आमची भिंत एकाच विटेची आहे.) ही मंडळी पुण्याची. नोकरीसाठी म्हैसूरला येऊन पंधरा वर्षं झाली, तरी शुद्ध मराठीत आणि दार लावून भांडतात. आम्ही इथलेच. आमचे पूर्वज म्हैसूरच्या राजांच्या फौजेत होते. त्यांचा दरारा माझ्या फत्तेसिंगराव या नावात उरलाय, माझ्यात नाही. मी मंडी मोहल्ल्यात एका ठोक किराणा दुकानात बिलं करतो. शिक्षण पीयूसीपर्यंत (पीयूसी म्हणजे इथली बारावी). पीयूसी नव्हे, पीयूसीपर्यंत.

वाटी पुढं केली तसे उपेंद्र म्हणाले, "परवाच तर नेलीत साखर."

"ती परवाची," म्हणून मी सोफ्यावर बसलो.

मग हळूहळू कळलं. आमच्या लेआउटच्या, म्हणजे वसाहतीच्या, दसरा कपाची फायनल, फर्स्ट क्रॉस विरुद्ध सेकंड क्रॉस, म्हणजे पहिली गल्ली विरुद्ध दुसरी. पंच उपेंद्र. त्यांनी पाण्याच्या टाकीवर फोन बसवून व्हिडिओची सोय केलेली. टीव्हीवर पंच पडद्याकडं धावतात तसे हे शेवटच्या मिनिटाला झालेल्या गोलानंतर टाकीकडं धावले, शिडी चढले, दहा मिनिटांनी उतरले आणि स्वतःच्याच मुलाला, चौदा वर्षांच्या नीलला, ऑफसाइड देऊन गोल रद्द केला. आमचा फर्स्ट क्रॉस हरला.

"गोल दुसऱ्यानं मारला," नील माझ्याकडं बघून बापाला म्हणाला. "मी नुसता उभा होतो."

"त्याला सांगा, लाइनच्या पुढं उभा होता," उपेंद्र माझ्याकडं बघून मुलाला म्हणाले. "व्हिडिओत स्वच्छ दिसतंय."

दोघांच्या मधे बसून मला इतकं महत्त्व आलं, की मी निकालच देऊन टाकला. "बाळ, माणूस खोटं बोलेल, व्हिडिओ बोलत नाही."

"काका, ऑफसाइड म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे?"

"आमच्या शाळेत फुटबॉल होता," मी म्हणालो, "नियम नव्हते."

"चला, दाखवतो," नील म्हणाला, आणि आम्ही आमच्या घरी आलो. इथं माझं चुकलं. अंगणात दोन विटा मांडून त्यानं दाखवलं असतं. पण समोर बाहुल्या होत्या.

आमच्याकडं नवरात्रात घरोघर पायऱ्या मांडून बाहुल्या बसवतात. सुमाच्या, म्हणजे आमच्या हिच्या, नऊ पायऱ्या. सगळ्यात वर पट्टद गोंबे, म्हणजे तिच्या लग्नात आलेले तांबड्या लाकडाचे राजा-राणी. खाली हत्ती, शिपाई, बँडवाले, आणि धान्याचं दुकान मांडून बसलेला ढेरपोट्या शेट्टी. एकदा मांडल्या की विजयादशमीपर्यंत बाहुल्यांना हात लावायचा नाही. त्यात लेआउटची स्पर्धा. चार वर्षं सुमा दुसरी येतेय, चारही वर्षं सेकंड क्रॉसच्या यशस्विनी पहिल्या. यंदा सुमानं जूनपासून तयारी केलेली. हत्तीच्या झुली स्वतः शिवल्या, राणीच्या नथीसाठी बन्नूरला दोन फेऱ्या केल्या. रात्री झोपेत म्हणायची, "या सल तरी..." यंदा तरी, म्हणजे.

गेल्या वर्षी एका घरानं मधेच बहिणीच्या बाहुल्या आणून भर घातली होती. म्हणून यंदा कमिटीनं नियम केला: पहिल्या दिवशी व्हिडिओ काढायचा, नवमीला पुन्हा काढून ताडून बघायचा, बाहुली हललेली दिसली की ते घर बाद. (ही सूचना कमिटीला कुणी केली असेल? बरोबर, मीच.)

सुमा कुंकवाला गेली होती. नीलनं हात जोडून पाच-सहा बाहुल्या जमिनीवर घेतल्या. मी म्हणालो, "अरे, हात लावायचा नाही..." आणि लगेच, "तो शेट्टी गोलकीपर कर, आपला गोलकीपरही असाच बसून असतो."

शिपाई झाले बचाववाले. हत्ती त्यांच्यातला शेवटचा. बॉल म्हणून मी स्वयंपाकघरातून हरभरा आणला.

"हा राजा म्हणजे मी," नील म्हणाला. "राणीनं किक मारली त्या क्षणी गोलकीपर सोडून हा शेवटचा गडी कुठाय ते बघायचं. राजा त्याच्या पुढं, बॉलच्याही पुढं असला की ऑफसाइड पोझिशन."

मी पालथा पडून एक डोळा मिटला. "हत्तीची सोंड धरायची का?"

नील विचारात पडला. "सोंड म्हणजे नाकच ना? नाक डोक्याला असतं. डोकं धरतात, हात सोडून सगळं धरतात."

"मग राजा सोंडेच्या आत आहे! ऑफसाइड नाही!"

"पण मैदानात हत्ती नव्हता, काका."

एवढ्यात फाटकाशी सुमाची स्कूटर वाजली. मला वाटतं, आमच्या पूर्वजांनी किल्लासुद्धा इतक्या घाईत सोडला नसेल. शेट्टी दुकानात, हत्ती रांगेत, राजा राणीशेजारी, नील फाटकाबाहेर. सुमा आत आली तेव्हा मी पेपर वाचत होतो.

"एन्री," म्हणजे अहो, "नील कशाला आला होता?"

"सुम्ने," मी म्हणालो. सहज. पेपर उलटा होता, पण तिचं लक्ष बाहुल्यांकडं गेलं होतं. तिनं वरपासून खालपर्यंत बघितलं, हसली आणि कॉफी टाकायला गेली. वाटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी, नवमीला, कमिटी आली. अध्यक्षा वरलक्ष्मी मॅडम, निवृत्त हेडमिस्ट्रेस; सोबत दोघी बायका; आणि लॅपटॉप घेऊन उपेंद्र, कारण व्हिडिओचं काम त्यांचंच. मागं नील. बाप-लेक अजून बोलत नव्हते. नील वायर धरून उभा होता, बाप हात पुढं करून वायर मागत होता. उपेंद्रनी लॅपटॉप आमच्या टीव्हीला जोडला. डावीकडं पहिल्या दिवसाच्या बाहुल्या, उजवीकडं आजच्या. सुमा पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"सेकंड क्रॉस बाद," वरलक्ष्मी मॅडम कन्नडमधे म्हणाल्या. "यशस्विनींच्या मांजरीनं कृष्ण पाडला. हे एकच घर निर्मळ राहिलंय."

सुमानं माझ्याकडं बघितलं. असं तिनं लग्नानंतर दुसऱ्यांदाच बघितलं असेल.

उपेंद्रनी पडद्यावर लाल रेघ ओढली, मग निळी. दोन्ही राजाच्या पायाशी. निळी जरा पुढं पडली.

"राजा पुढं आलाय," ते हळूच म्हणाले. "चार बोटं."

"आणि हा हरभरा कुठला?" सोबतच्या एका बाईंनी तो हत्तीच्या पायाखालून उचलला.

"प्रसाद!" मी म्हणालो.

"कच्चा?"

मी म्हणालो, परवा रस्त्यावरून लॉरी गेली, घर हादरलं. मी म्हणालो, पाल. मी म्हणालो, लाकूड आहे, दमट हवेत फुगतं. वरलक्ष्मी मॅडमनी चष्मा खाली ओढून बघितलं. त्यांच्या वर्गात मी कधी नव्हतो, तरी उठून उभा राहिलो.

"हो. मीच हलवलं. ऑफसाइड समजून घेत होतो."

सुमानं पदराचं टोक सोडलं, एवढंच. बोललेलं मला चाललं असतं.

"नियम म्हणजे नियम," मॅडमनी पेनचं टोपण काढलं. "व्हिडिओ खोटं बोलत नाही, असं या यजमानांनीच लिहून दिलंय आम्हाला."

"थांबा मॅडम," नील एकदम पुढं आला. कन्नड त्याला आमच्यापेक्षा चांगलं येतं. "पुढं उभं राहणं हा गुन्हाच नसतो. पुढं उभं राहून खेळात लुडबुड केली, कुणाला अडवलं, फायदा उपटला, तर गुन्हा. राजानं काय केलं? राणीला अडवलं? हत्तीला अडवलं? मांडणीत एक बाहुली वाढली का? राजा नुसता उभा आहे." मग बापाकडं वळून, चार दिवसांत पहिल्यांदा, मराठीत: "बाबा, मी पण नुसताच उभा होतो. बॉल पलीकडून गेला. कीपरला मी झाकलंसुद्धा नव्हतं. रेघ बघितलीत, ते बघितलं नाहीत."

उपेंद्रनी लॅपटॉपवर काहीतरी शोधलं. फायनलचा व्हिडिओ. पुढं, मागं, पुन्हा पुढं. सगळ्या कमिटीनं तो गोल सहा वेळा बघितला. कान लाल झाले ते उपेंद्रांचे.

"खरंय," ते म्हणाले. "गोल होता. चुकलं माझं, नील."

नील म्हणाला, "परवागिल्ला." जाऊ दे. आणि त्यानं वायर दिली.

वरलक्ष्मी मॅडमनी टोपण परत लावलं. "हौदू, खरंय. राजा निर्दोष. पण मग," त्यांनी वहीवरून मान वर केली, "लुडबुड केली कुणी?"

दोघी बायका, उपेंद्र, नील, सुमा, सगळे माझ्याकडं बघत होते. मी शेट्टीकडं बघितलं. तोही बघत होता.

निकाल लागला. सुमा पहिली. यजमानांना सक्त ताकीद, वहीत लिहून, खाली माझी सही. सुमा रडली, हसली, सगळ्यांना कोसंबरी, म्हणजे डाळीची कोशिंबीर, वाढली. मला वाढताना डाव जरा आपटला, पण वाढली.

मग बक्षिसाचा फोटो. मी मुद्दाम छाती पुढं काढून सुमाशेजारी उभा राहिलो.

"रावसाहेब, जरा बाजूला," मॅडम म्हणाल्या. मी सरकलो. "अजून जरा." सरकलो. "अजून." पाठीला स्वयंपाकघराचं दार लागलं तेव्हा कुठं उपेंद्रनी फोटो काढला.

रात्री तो लेआउटच्या ग्रुपवर आला. मधे सुमा, हातात चांदीचा करंडा, आणि उजव्या कडेला कुणाचं तरी कोपर. मी घाईघाईनं नीलला बोलावून दाखवलं. "आलोय की रे मी फोटोत! बघ, मोठं करून बघ!"

त्यानं दोन बोटांनी मोठं करून नीट बघितलं आणि फोन माझ्या हातात परत दिला.

"काका, ऑफसाइडमधे हात मोजत नाहीत."